दार कोणासाठी लावले?



२०२० साली मार्गशीर्ष शुद्ध एकादशी शुक्रवारी, २५ डिसेंबरला आली. आपल्याकडे ती मोक्षदा एकादशी, गीताजयंतीचा दिवस. त्याच दिवशी ख्रिस्ती बांधवांचा नाताळ. पंचांगात असे योग येतात आणि जातात. त्यात कोणी फार काही शोधू नये. पण त्या वर्षी एकादशी धरणारा वारकरी आणि नाताळ करणारा ख्रिस्ती शेतकरी, दोघेही एकाच अवस्थेत होते. दोघेही आपापल्या घरात, दार लावून बसले होते. दोघांच्याही देवाच्या दारात जायला मर्यादा होती. आणि दोघांच्याही मनात एकच टोचणी होती : आपण घरी बसलो, हा धर्म झाला की अधर्म?

त्या गोष्टीला आता काही वर्षे झाली. लोक विसरू पाहतात, आणि दुःख विसरावे हा मनुष्यस्वभाव आहे. पण दुःख विसरताना त्यातून निघालेला प्रश्नही विसरला तर तो पुढच्या संकटात पुन्हा तसाच समोर उभा राहतो. म्हणून आज या प्रश्नाचा विचार करू.

कोणी म्हणेल, महाराज, वारकऱ्यांच्या मासिकात नाताळ कशाला? शंका रास्त आहे. आधी तिचे समाधान करतो. आपला चेहरा आपल्याला दिसत नाही, त्याला आरसा लागतो. कधी कधी शेजाऱ्याचे घर हाच आरसा होतो. वसई तालुक्यात निर्मळ, गास, नंदाखाल, आगाशी, गिरीज अशी गावे आहेत. तिथे कित्येक पिढ्यांपासून ख्रिस्ती शेतकरी राहतात. केळी, पानवेल, भाजीपाला, मोगरा, जास्वंद, सोनचाफा हा त्यांचा व्यवसाय. त्यांच्या वाडीतली फुले पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जातात आणि तिथून मुंबईच्या देवळांत आपल्या देवांच्या गळ्यात पडतात. फूल तोडणाऱ्या हाताचा धर्म कोणता, हे देवाने कधी विचारले नाही. याच निर्मळ गावी कार्तिक वद्य एकादशीला मोठी यात्रा भरते. म्हणजे आळंदीला माउलींच्या वारीची जी तिथी, तीच निर्मळच्या यात्रेची.

भाषेचे नाते तर त्याहून जवळचे. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज धर्मगुरू गोव्यात आले, मराठी शिकले, आणि त्यांनी येशूचे चरित्र मराठीत, तेही ओवीत लिहिले. तो ‘क्रिस्तपुराण’ ग्रंथ १६१६ साली राचोल येथे छापला गेला. त्या काळात परकीय सत्तेने आपल्या देवळांवर जे केले त्याच्या जखमा खऱ्या आहेत, त्या कोणी झाकू नयेत. पण ज्ञानोबारायांनी ज्या छंदाला गीतार्थ वाहायला लावला, तोच छंद त्या परदेशी माणसालाही आपल्या देवाची कथा सांगायला जवळचा वाटला, हेही तितकेच खरे. वसईतल्या गावांत आज मिस्सा मराठीत होतो. २०२० च्या जानेवारीत, म्हणजे साथ येण्याच्या अगदी तोंडावर, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होते. गोरोबाकाकांचे तेर त्याच जिल्ह्यात. तेव्हा हा शेजारी आपल्याच भाषेत रडतो, आपल्याच भाषेत प्रार्थना करतो. त्याचा नाताळ हा परका विषय नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

त्या वर्षी आपले काय झाले ते वाचकांना सांगायला नको. १७ मार्चपासून पंढरीचे मंदिर भाविकांसाठी बंद. १ जुलैला आषाढी. पायी सोहळा नाही. मानाच्या संतांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एसटीने पंढरपुरास गेल्या. चंद्रभागेचे वाळवंट मोकळे. दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, राज्यातली देवळे आणि इतर प्रार्थनास्थळे उघडली खरी. पण कार्तिकीलाही पंढरीत गर्दी होऊ दिली नाही. ज्यांच्या घरात चार चार पिढ्यांची वारी होती त्यांना उंबऱ्याच्या आत राहून टाळ हातात घ्यावा लागला.

वसईच्या गावांचे दुखणे दोन बाजूंनी आले. मार्चमध्ये लोकलगाड्या थांबल्या, बाजार थांबला, देवळे मिटली. म्हणजे आपली देवळे मिटली आणि ख्रिस्ती शेतकऱ्याची फुले झाडावर सुकली. एका धर्माचे दार लागले की दुसऱ्या धर्माच्या माणसाची चूल विझते, इतके आपण एकमेकांत विणलेले आहोत. हे सुखाच्या दिवसांत कोणाच्या लक्षात आले नव्हते.

मग वर्षअखेर नाताळ आला. त्या गावांत नाताळ हा एका घराचा सण नसतो. आठवडाभर आधी गवताची झोपडी करून गव्हाणी मांडतात, दारोदार चांदणीचे कंदील लागतात, पोरे गीते गात घरोघर हिंडतात, मध्यरात्रीच्या मिस्साला आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सारे नवे कपडे घालून निघतात, आणि परतल्यावर फराळाची ताटे शेजारी जातात. त्यात हिंदू शेजारीही आले. त्या साली शासनाचा नियम आला : चर्चमध्ये पन्नासांहून अधिक माणसे नकोत, साठ वर्षांवरील वृद्धांनी आणि दहा वर्षांखालील मुलांनी घरीच थांबावे, गर्दीचे कार्यक्रम, मिरवणुका नकोत. शिवाय २२ डिसेंबरपासून महापालिकांच्या हद्दीत रात्री ११ ते पहाटे ६ संचारबंदी. मध्यरात्रीचा मिस्सा मध्यरात्री होणे शक्यच उरले नाही. बाळाच्या जन्माचा सण, आणि बाळे घरात; आजीआजोबांनी नातवंडांना गव्हाणी दाखवायची, तर आजीआजोबाही घरात. प्रत्यक्ष बेथलेहेमातही त्या वर्षीची प्रार्थना मोजक्याच लोकांत झाली.

आता इथे दोन पक्ष उभे राहतात. दोन्ही मी आपल्या लोकांत ऐकले आहेत आणि ख्रिस्ती लोकांतही असणारच.

पहिला पक्ष म्हणतो : जो मरणाला भितो तो भक्त कसला? संतांनी तर मरणाचे भय पायाखाली घातले. देवाच्या दारी जाताना रोग झाला तर झाला, देह कधीतरी पडणारच आहे. नियम मोडून घरी बसणे म्हणजे श्रद्धेत खोट.

दुसरा पक्ष म्हणतो : जीव वाचला तर सगळे. वारी काय, नाताळ काय, पुढच्या वर्षी करता येईल. या भावनेच्या गोष्टी. त्यात धर्माचा प्रश्न आणूच नये.

दोन्ही पक्ष अर्धे आहेत. पहिल्या पक्षात दोष असा की तो फक्त आपल्या देहाचा हिशेब करतो. माझा देह मी पणाला लावला तर ते शौर्य होईल. पण साथीच्या रोगात माझ्या देहाबरोबर मी शेजारणीचा, तिच्या सुनेचा आणि पोटातल्या बाळाचाही देह पणाला लावत असतो, आणि तो माझा नाही. दुसऱ्याचा जीव आपल्या भक्तीच्या ताटात वाढण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसऱ्या पक्षात दोष असा की तो मनुष्याच्या एकत्र येण्याला चैन समजतो. ती चैन नाही. कीर्तनात माणूस माणसाला खेटून उभा राहतो, एकमेकांच्या पाया पडतो, कोण कोणत्या जातीचा हे विसरतो. ते आपल्या साधनेचे शरीर आहे. ते थांबले की काहीतरी खरेच मरते. म्हणून घरी बसणे योग्य असले तरी ते स्वस्त नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे.

मग सिद्धांत कोणता? तो शोधायला लांब जायला नको. आपला संप्रदाय ज्या विटेवर उभा आहे ती वीटच उत्तर देते. पुंडलिकराय आईवडिलांची सेवा करीत होते. दारात प्रत्यक्ष भगवंत आला. सेवा सोडून ते उठले नाहीत. हाताला लागलेली वीट पुढे सारली आणि देवाला थांबायला सांगितले. देव रागावला नाही. तो थांबला, आणि अजून थांबलेला आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी देवाला तिष्ठत ठेवणे हा आपल्याकडे अपवाद नाही, तो आपला आरंभ आहे.

त्या आषाढात आमच्या भागातल्या एका जुन्या वारकऱ्याचा फोन आला होता. वय झालेले, आवाज कापरा.

“महाराज, वारी चुकली की हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आता वर गेल्यावर माउलींना काय तोंड दाखवू?”

मी विचारले, “आबा, घरात कोण कोण आहे?”

“म्हातारी हाय. दमा हाय तिला. नातू हाय लहान.”

“मग पांडुरंग विटेवर कोणामुळे उभा राहिला, ते तुम्हीच सांगा.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुंडलिकामुळं.” आणि फोन ठेवला.

नाथमहाराजांचे चरित्र हेच सांगते. काशीहून गंगेची कावड खांद्यावर, रामेश्वराला वाहायचा संकल्प, आणि वाटेत तापल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव. महाराजांनी कावड त्याच्या मुखात रिती केली. यात्रा तिथेच पूर्ण झाली असे त्यांनी मानले. सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही. देवच त्यांच्याकडे गेला, आणि आजही पंढरपुराहून देवाची पालखी अरणला जाते. तीन चरित्रे, तीन प्रकारे सांगतात : जीवाच्या रक्षणासाठी नेम थांबवावा लागला तर तो मोडत नाही, तो आपल्या मुळाशी परत जातो.

इथे हा लेख संपवता आला असता, आणि आपण सगळे निर्दोष ठरून उठलो असतो. पण दाराला दोन बाजू असतात.

‘दूर राहा’ हे शब्द या देशाला नवे नाहीत. चोखोबारायांना हेच ऐकावे लागले. मंगळवेढ्याच्या कुसवाखाली त्यांचा देह गेला आणि त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, आत नव्हे. शेकडो वर्षे एका माणसाने दुसऱ्याला लांब ठेवले, आणि त्याला धर्माचे नाव दिले. तेव्हा २०२० साली जेव्हा आपण अंतर ठेवायला शिकलो, तेव्हा आपले हात या कामाला आधीच सरावलेले होते, हे विसरू नये. त्या उन्हाळ्यात कितीतरी गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या, दगड रचले. मुंबई-पुण्याहून पोट घेऊन परतलेली आपलीच लेकरे. त्यांना शाळेच्या वर्गात, शेतातल्या छपरात ठेवले. रोगाची तपासणी म्हणून काही दिवस वेगळे ठेवणे योग्यच होते. पण काही ठिकाणी त्यांना पाणी द्यायलाही कोणी गेले नाही, मुदत संपली तरी कोणी बोलले नाही, आणि कुणाच्या घरी मयत झाले तर खांदा द्यायला भाऊकीही फिरकली नाही. तेही दारच होते. पुंडलिकाचे दार आणि हे दार, बाहेरून पाहिले तर दोन्ही सारखीच बंद दिसतात.

नाताळची कथा नेमकी याच जागी बोट ठेवते, आणि म्हणून त्या वर्षीचा नाताळ मला विचार करण्याजोगा वाटतो. ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात कथा अशी आहे की, शिरगणतीसाठी योसेफ आपल्या गर्भवती मरियेला घेऊन बेथलेहेमला आला. ते त्याच्या पूर्वजांचे गाव. म्हणजे तो परका नव्हता, गावी परतलेला माणूस होता. पण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. बाळाला जन्मल्यावर गव्हाणीत ठेवावे लागले. सगळ्या जगात ज्या सणाला दिवे लागतात त्या सणाच्या मुळाशी एक न उघडलेले दार आहे. आपल्या श्रीकृष्णजन्माची कथा उलट बाजूने तेच सांगते. मध्यरात्री तुरुंगाची दारे उघडली, बाळ यमुनेपार गेले, आणि नंदाच्या घराने त्याला आत घेतले. एका कथेत दार लागले म्हणून देव गोठ्यात आला, दुसरीत दार उघडले म्हणून देव गोकुळात वाढला. दोन्ही कथा ऐकणाऱ्याला एकच विचारतात : तू कोणत्या दारात उभा आहेस?

मग चांगले दार आणि वाईट दार ओळखायचे कसे? यासाठी एक दृष्टांत देतो. ज्या इंग्लंडातून फादर स्टीफन्स आले त्याच देशात डर्बीशायर परगण्यात ईम नावाचे लहानसे खेडे आहे. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगने हाहाकार उडवला. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस ईममधल्या शिंप्याच्या घरी लंडनहून कापडाचे गाठोडे आले. त्यात रोगाच्या पिसवा होत्या असे मानतात. सप्टेंबरात पहिला मृत्यू झाला. मग एकामागून एक घरे बसू लागली. थंडीत जोर ओसरला. त्या नाताळात लोकांना वाटले असेल की संकट टळले. पण पुढच्या उन्हाळ्यात ते दुप्पट जोराने उलटले.

गावात दोन धर्मगुरू होते. तरुण विल्यम मॉम्पेसन राजाच्या बाजूच्या पंथाचा, नव्याने नेमलेला. आणि थॉमस स्टॅन्ली, पंथभेदामुळे त्याच गादीवरून पूर्वी दूर केलेला. एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे. पण १६६६ च्या जूनमध्ये ते एकत्र आले आणि त्यांनी गावाला तीन गोष्टी सांगितल्या. मयत चर्चच्या आवारात न नेता ज्याने त्याने आपल्या परसात किंवा शेतात पुरावे. प्रार्थना चर्चमध्ये न करता बाहेर एका दरीत, मोकळ्या हवेत, घराघराने अंतर ठेवून करावी. आणि कोणीही गावाची शीव ओलांडून बाहेर जाऊ नये, म्हणजे आजूबाजूची गावे वाचतील. गावाने ते मानले. शिवेवरच्या दगडाला भोके होती. त्यात व्हिनेगर म्हणजे आंबवलेला शिरका ओतून नाणी टाकत, आणि बाहेरची माणसे तिथे धान्य ठेवून पैसे घेऊन जात. जवळच्या जहागीरदाराने, डेव्हनशायरच्या अर्लने, अन्न पुरवले. साथ नोव्हेंबरात थांबली. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे गेली असे परंपरेने सांगतात. एका बाईने आठ दिवसांत आपला नवरा आणि सहा मुले एकटीने ओढत नेऊन पुरली. मॉम्पेसनची पत्नीही ऑगस्टमध्ये गेली.

या गोष्टीत आपल्याला दोन कसोट्या सापडतात.

पहिली कसोटी : दार लावण्याची किंमत कोणी दिली? ईमने दार लावले ते बाहेरच्यांना वाचवण्यासाठी, किंमत स्वतः दिली. आपल्या काही वेशी बंद झाल्या त्या स्वतःला वाचवण्यासाठी, आणि किंमत दिली ती वेशीबाहेर उभ्या असलेल्या पोराने. वसईच्या आजीने नाताळच्या रात्री घरी बसून किंमत आपल्या अंगावर घेतली. आमच्या आबांनी वारी सोडून किंमत आपल्या अंगावर घेतली. दोघांचे दार पुंडलिकाचे.

दुसरी कसोटी : दार बंद असताना त्यातून काय बाहेर गेले आणि काय आत आले? ईमच्या शिवेवर दगड होता आणि त्याला भोके होती. संपूर्ण बंद कुठलीच भिंत नव्हती. अंतर होते, पण अबोला नव्हता. आपल्याकडेही जिथे शेतातल्या छपरापर्यंत कोणी भाकरीचे गाठोडे नेऊन ठेवले, बांधावरून हाक मारून ‘काय रे, ताप उतरला का?’ म्हणून विचारले, तिथे अंतर ठेवूनही धर्म राहिला. जिथे हाकच बंद झाली तिथे रोग नसतानाही माणुसकी मेली.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. ईममध्येही सर्वांची किंमत सारखी नव्हती. ज्यांना बाहेर सोय होती ते आधीच निघून गेले होते, आणि मॉम्पेसनने गाव बंद करण्याआधी आपली दोन मुले बाहेरगावी सुरक्षित पाठवली होती. उरलेल्या गरिबांना त्याने थांबायला सांगितले. मग हा त्याग कोणाचा, आणि सांगणारा कोण? त्या बापाला दोष देणे सोपे आहे. पत्नी मात्र त्याच्याबरोबर राहिली आणि गेली, हेही विसरता येत नाही. तरी प्रश्न उरतोच. २०२० सालीही ‘घरी थांबा’ हा उपदेश ज्याच्या घरात दोन खोल्या, धान्य आणि पगार होता त्याला पाळता आला. ज्याचे पोट रोजावर होते, ज्याच्या एका खोलीत आठ माणसे होती, जो रस्त्याने उन्हात चालत गावाकडे निघाला, त्याला दारच नव्हते, तो लावणार काय? म्हणून माझे म्हणणे असे : ज्याला घरी थांबणे परवडले त्याने ते पुण्य म्हणून मिरवू नये. ते पुण्य तेव्हाच, जेव्हा त्याने थांबू न शकणाऱ्याच्या चुलीची काळजी घेतली. दगडाची भोके फक्त नाण्यांसाठी नव्हती. पलीकडून धान्य आले म्हणून ईम तगले. बाहेरच्यांनी अन्न दिले नसते तर तो त्याग टिकला नसता. त्याग मागणाऱ्याने आधी भाकरी द्यावी.

आणि सर्वांचा धर्म घरी बसण्याचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. गीताजयंतीच्या दिवशी तर हे विसरून चालणारच नाही. गीता अर्जुनाला त्याचे काम विचारते, दुसऱ्याचे नव्हे. १८९७ साली पुण्यात प्लेग असताना सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याजवळच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, आणि त्याच रोगाने १० मार्चला त्यांनी देह ठेवला. त्यांचा धर्म जवळ जाण्याचा होता. २०२० साली आशा ताई घरोघर ताप आणि प्राणवायू मोजत हिंडल्या, दवाखान्यातल्या परिचारिकांनी, मसणवट्यातल्या सफाई कामगारांनी दुसऱ्याच्या आईबापांना अखेरचा हात लावला. त्यांच्यामुळे आपल्याला घरी बसता आले. पुंडलिक घरात बसला तोही सेवा करीत बसला होता, स्वस्थ नव्हे. घरात बसणे हे सेवेचे रूप असेल तर घर पंढरी. नाहीतर ते फक्त घर.

मी कीर्तनात आयुष्य काढले. कीर्तनाच्या शेवटी बुक्का लावतात, एकमेकांना आलिंगन देतात. त्या वर्षी तो बुक्का डबीत राहिला. त्याचे वाईट वाटले, आजही वाटते. तो आता पुन्हा कपाळाला लागतो आहे. दिंड्या निघतात, वाळवंट भरते. वसईत मध्यरात्रीच्या घंटा वाजतात, पोरे दारोदार गातात, पहाटेची फुले दादरला जातात. बाहेरची दारे उघडली. पण ईमच्या शिवेवरचा दगड अजून आहे, लोक तो पाहायला जातात. तसे काही दगड आपल्या गावांतही राहून गेले आहेत, आणि ते दिसत नाहीत. कोणा भाऊकीत त्या वर्षी खांदा दिला नाही म्हणून बोलणे तुटले ते तुटलेच. कोणाच्या पोराला वेशीवर अडवले, तो नंतर गावच्या सप्ताहाला आलाच नाही. कोणा विधवेच्या दारात दहाव्यालाही कोणी गेले नाही. त्यावेळी भीती होती, असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण भीती संपल्यावरही जे दार लागलेलेच आहे, त्याला आता भीतीचे कारण उरलेले नाही. साथ गेल्यावर ते आपणच लावून ठेवले आहे.

म्हणून यंदाच्या मार्गशीर्ष एकादशीला उपवास धरणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. फराळाच्या आधी गावातले असे एक घर आठवावे. तिथे जावे. क्षमेचे मोठे शब्द बोलता आले नाहीत तरी चालेल. उंबऱ्यावर उभे राहून हाक मारावी, आणि आत बोलावले तर आत जाऊन पाणी प्यावे. ज्ञानोबारायांनी ग्रंथ संपवताना देवाकडे स्वतःसाठी काही मागितले नाही. सगळ्या जिवांमध्ये एकमेकांविषयी स्नेह उपजावा एवढेच मागितले. ते मागणे पुरे करण्याचे काम देवाचे आहे खरे, पण त्यासाठी दाराची कडी काढायला तो आपलाच हात वापरतो.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.